सरळ केलेले केस टिकवायचे कसे?

लग्नसराई आली की वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी या गावांतील पार्लरमध्ये गर्दी होते. आपल्या वस्तीतील मुलीही केस सरळ करून घेतात. कुणी आठवड्याची मजुरी साठवते, कुणी पहिल्या पगारातून पैसे बाजूला काढते. आणि दोन महिन्यांत केस पुन्हा फुलले, राठ झाले, तुटू लागले की वाईट वाटते. हे पैसे वाया जाऊ नयेत आणि तब्येतही बिघडू नये, यासाठी काय करावे ते आम्ही या पानावर सांगत आहोत.

प्रथम हे समजून घेऊ की केस सरळ होतात म्हणजे काय होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. गरम इस्त्री फिरवली की त्यातील कच्चे बंध सुटतात आणि केस सरळ दिसतो. पाणी, घाम किंवा पावसाळी दमट हवा लागली की ते बंध परत जुळतात, केस मूळ रूपावर येतो. रिबॉन्डिंगमध्ये औषधाने पक्के बंध तोडून, केस सरळ करून, दुसऱ्या औषधाने ते पुन्हा जोडतात. तो भाग सरळच राहतो. पण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि नवा केस मुळातून आपल्या जन्मजात वळणाचाच येतो. स्मूदनिंग किंवा केराटिन या नावाने जे करतात ते काही महिन्यांत धुऊन उतरते. आपण यांपैकी नेमके काय करून घेतले, हे पार्लरमधील ताईंना विचारून घ्यावे. काळजी त्यावरच ठरते.

पाणी आणि धुणे

आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तसाच तो केसांवरही बसतो. नळाचे पाणी मिळत असेल तर डोके त्यानेच धुवावे. नसेल तर बोअरचे पाणी उकळून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी थंड करून घ्यावे. निदान शेवटचे दोन मग तरी या पाण्याचे असावेत.

केस सरळ केल्यावर पहिले दोन-तीन दिवस धुणे, बांधणे, क्लिप लावणे याबाबत पार्लरमध्ये जे सांगतील ते पाळावे. पुढे आठवड्यातून दोनदा धुणे पुरे. अंगाचा किंवा कपड्याचा साबण केसांना लावू नये. त्याने केस खरखरीत होतो आणि जड पाण्यात साबणाचा चिकट थर राहतो. सौम्य शाम्पू मगभर पाण्यात कालवून डोक्याच्या कातडीला लावावा. कंडिशनर मात्र केसांच्या टोकांना लावावा, मुळांना नाही. रिठा आणि शिकेकाई चांगली असली तरी रसायन लावलेले केस त्याने कोरडे पडतात. लिंबू चोळणे टाळावे. काळी मेंदी लावत असाल तर ते आधीच सांगावे, कारण तिच्यात मिसळलेली रंगद्रव्ये आणि पार्लरचे औषध यांचे जमत नाही.

खोबरेल तेल धुण्याच्या आधी लावावे. त्याने केसातील प्रथिन कमी निघून जाते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. तेल लावलेल्या केसांवर इस्त्री मात्र कधीही फिरवू नये.

रोजची काळजी

धुतलेले केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुन्या सुती ओढणीत दाबून पाणी टिपावे. मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवत यावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कापसाच्या शेतात असो की स्कूटीवर, डोके झाकूनच निघावे. रात्री जुन्या गुळगुळीत साडीची खोळ उशीला घालावी, घासणी कमी होते. दोन-तीन महिन्यांनी टोके थोडी कापावीत. पुन्हा रिबॉन्डिंग करायचे झाल्यास फक्त नव्याने वाढलेल्या भागालाच करावे. सरळ भागावर परत औषध लावले की केस तुटतात.

तब्येतीचा प्रश्न

काही क्रीममधून गरम करताना फॉर्मॅल्डिहाइडचा धूर निघतो. डोळ्यांना पाणी येते, घसा जळतो. या वायूने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. आपण वर्षातून एकदा जातो. पार्लरमध्ये काम करणारी आपलीच बहीण रोज तो धूर घेते. खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह दोघींसाठीही धरावा.

‘फॉर्मॅल्डिहाइड नाही’ असे लिहिलेल्या अनेक क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. २०२४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत आली. तिने तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांच्या पाहणीत, वारंवार केस सरळ करणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. ते याच कारणाने झाले हे सिद्ध झालेले नाही, पण वर्षातून चार-पाचदा करण्याची घाई नको.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे आणि या आजारात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. म्हणून सिकलसेलच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, शाळकरी मुली आणि डोक्यात जखम असलेल्यांनीही टाळावे. क्रीमच्या डब्यावरील घटक वाचून दाखवायला सांगावे. डब्यावर काहीच लिहिलेले नसेल तर उठून यावे. डोके जळू लागले तर लगेच धुऊन टाकायला लावावे. नंतर उलट्या, कंबरदुखी, ताप किंवा लघवी कमी होणे असे काही झाले, तर वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे रुग्णालय गाठावे आणि केसांना काय लावले ते डॉक्टरांना सांगावे. लाजेने लपवू नये.

केस खूप गळत असतील तर पार्लरच्या आधी रक्त तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असेल तर कोणत्याही क्रीमने ते थांबत नाही. डाळ, हिरव्या भाज्या, अंडी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात.

कुरळे केस हा दोष नाही. सरळ करायचे की नाही, हे ज्या मुलीचे केस तिनेच ठरवावे. ठरवण्याआधी हे पान तिला वाचायला द्यावे, एवढीच आमची विनंती.