पाटी हलवली की लवकर का वाळते?

ओल्या फडक्याने पाटी पुसली की आपण सगळे ती हवेत हलवतो. पहिलीतली पोरेसुद्धा हलवतात. पण हलवल्याने होते काय? पाणी झटकले जाते म्हणावे, तर खाली थेंबही पडत नाही.

म्हणून आम्ही सातवीच्या मुलांनी प्रयोग केला. दोन सारख्या पाट्या एकाच ओल्या फडक्याने पुसल्या. दोन्ही सावलीत ठेवल्या, म्हणजे उन्हाचा प्रश्न नको. एकीला पुठ्ठ्याने वारा घातला, दुसरी तशीच ठेवली. वारा घातलेली पाटी बघता बघता कोरडी झाली. दुसरीवर बोट ओढले तर बोट ओले होत होते.

गुरुजींनी कारण सांगितले. पाण्याचे अगदी बारीक कण, म्हणजे रेणू, सारखे हवेत उडत असतात. त्यासाठी पाणी उकळायलाच हवे असे नाही. हवा स्थिर असली तर पाण्यालगतची हवा दमट होते आणि उडालेले पुष्कळ कण पुन्हा पाण्यातच येऊन पडतात. एसटीतून उतरलेली माणसे दारातच उभी राहिली तर मागची उतरणार कशी? वारा ही दाटी हटवतो. दमट हवा पुढे ढकलतो आणि तिच्या जागी कोरडी हवा आणतो.

आता खरी गंमत पुढे आहे. मालगुंडला वाऱ्याचा तोटा नाही. आषाढात तर वारा कौले उडवतो. तरी पडवीत घातलेले कपडे तीन-तीन दिवस ओलेच, वर कुबट वास! कारण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. येणारी हवाच ओली, ती आणखी पाणी घेणार कुठे? म्हणजे वारा नुसता जोराचा असून भागत नाही, तो कोरडाही पाहिजे.

म्हणूनच मे महिन्यात घरोघरी आमसुलांची घाई असते. रातांब्याची साले मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. ७-८ जूनला मृग लागतो. त्याआधी ती वाळली नाहीत तर बुरशी येते आणि सगळी मेहनत फुकट. आमची आजी साले दाटीने घालू देत नाही. "एकावर एक टाकू नको रे, वारा लागूदे!" म्हणून ओरडते. तिचे म्हणणे अगदी शास्त्राला धरून आहे.

मासळीचेही तेच. वाळूवर पसरलेल्या मासळीला वरूनच वारा लागतो, म्हणून ती उलटत राहावी लागते. पालघर जिल्ह्यात सातपाटीला बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगतात. त्यांना चारी बाजूंनी वारा मिळतो.

उडणारे कण जाताना उष्णताही घेऊन जातात. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणून घामाच्या अंगाला वारा लागला की गार वाटते, आणि खिडकीतल्या मडक्यातले पाणी कोपऱ्यातल्या मडक्यापेक्षा गार होते.

बशीत चमचाभर पाणी घेऊन हा प्रयोग एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत घरी करा. किती वेळ लागला ते शेजारी लावलेल्या कोऱ्या कागदावर नावासकट लिहा.