खडू, फळा, संगणक आणि आपला वाटा

‘निधी नाही’ हे उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळांना नवे नाही. मी गेली अनेक वर्षे अशा शाळांतून शिकवतो आहे. खडूला पैसे नव्हते तेव्हा हेच उत्तर होते. आज संगणकाला पैसे नाहीत तेव्हाही हेच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेला सवाल साधा होता : कर कष्टकऱ्यांचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी, हा कोणता न्याय? शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विचार मी ह्याच सवालापासून सुरू करतो. कारण ज्यांची ऐपत होती त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत नेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे राहिली ती बहुतांशी दलित, आदिवासी, भटके आणि शेतमजूर यांची मुले.

आधी पैशाचा हिशोब पाहू. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान आहे. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, शंभरपर्यंत असेल तर २५,०००. रंगरंगोटी, स्वच्छता, डागडुजी सारे त्यातच. संगणकासाठी त्याच योजनेत वेगळी तरतूद आहे : शाळेमागे एकरकमी ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत. पण ती सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी. पहिली ते चौथीच्या वाडीवस्तीवरच्या शाळेला ती नाही. २०२३-२४ च्या यू-डायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. उरलेल्या शाळा कोणत्या वस्त्यांतल्या असतील हे सांगायला अहवाल लागत नाही.

ही पोकळी भरायला आपल्याकडे लोकवर्गणी पुढे आली. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात गावोगावी शाळा ‘डिजिटल’ झाल्या, त्यात शिक्षकांचे आणि गावकऱ्यांचे श्रम खरे होते. त्यांचे मोल मी कमी करीत नाही. पण वर्गणी कुठे जमते? जिथे बागायत आहे, तिथे. जिथली अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते तिथे कोण कोणाकडे पावतीपुस्तक घेऊन जाणार? वर्गणीवर चालणारी शाळा गावातली विषमता जशीच्या तशी वर्गात आणून बसवते.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्ती गरीब तर शाळा गरीब. टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या पालकांनी ह्याविरुद्ध दावा लावला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. पण तंत्रज्ञानापुरता थोडा उतारा पुढे निघाला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ‘ई-रेट’ नावाची योजना आली. दूरसंचार कंपन्यांकडून निधी गोळा होतो आणि त्यातून शाळांच्या इंटरनेट बिलावर २० ते ९० टक्के सवलत मिळते. सवलत किती, हे मुख्यतः शाळेतली किती मुले सवलतीच्या जेवणास पात्र आहेत त्यावरून ठरते. म्हणजे जितकी गरिबी जास्त तितकी मदत जास्त. लोकवर्गणीच्या नेमके उलटे हे तत्त्व आहे.

आपल्याकडे असा निधी नाही काय? आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के ज्या सार्वत्रिक सेवा निधीत जातात, त्याचेच आता ‘डिजिटल भारत निधी’ असे नामांतर झाले आहे. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेणारी भारतनेट योजना त्यातूनच चालते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतनेटमधून ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना जोडणी देण्याची घोषणा झाली. प्राथमिक शाळेचे नाव त्यात नाही. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक प्राथमिकच आहेत. पंचायतीपर्यंत आलेली तार शाळेपर्यंत का येत नाही, हा आपला प्रश्न असला पाहिजे.

दुसरा धडा केरळचा. तिथे २००१ साली ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. त्याने पुढे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. परवान्याचे पैसे वाचले, शिक्षकांनाच प्रशिक्षक केले, मल्याळमला यंत्रावर जागा मिळाली. २०१८ मध्ये आठवी ते बारावीच्या सुमारे ४५,००० वर्गखोल्या सुसज्ज करण्याचे काम हाती घेतले गेले, आणि ‘लिटल काइट्स’ मंडळांतून विद्यार्थीच यंत्रांची देखभाल शिकू लागले.

मग थोड्या पैशात काय करावे? माझ्या अनुभवातला क्रम असा. आधी वीज. एका शाळेत बिल थकले म्हणून जोडणी तोडली गेली आणि नवे संगणक आठ महिने पोत्याखाली पडून राहिले. म्हणून अर्थिंग, इन्व्हर्टर आणि बिलाची तरतूद ह्यांच्या आधी एकही यंत्र घेऊ नये. दुसरे, जुनी यंत्रे. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे संपली आणि अनेक कचेऱ्यांतले चालते संगणक निर्लेखनाच्या वाटेला लागले. त्यांत फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी आणि थोडी जादा रॅम घालून लिनक्स बसवले की ते प्राथमिक वर्गाला पुष्कळ वर्षे पुरतात. तिसरे, इंटरनेट नसले तरी अडत नाही. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या यंत्रावर किविक्समधून मराठी विकिपीडिया साठवता येतो आणि वर्गातल्या वाय-फायवर मुले तो वाचू शकतात. चौथे, दुरुस्तीचा पैसा खरेदीच्या दिवशीच बाजूला काढावा. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली म्हणजे शाळा आधुनिक झाली, असे होत नाही.

पण ही काटकसर हा हक्काला पर्याय नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा हवी. कलम २२ प्रमाणे ह्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असायचा. अनेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटाच भरतो आणि पालक अंगठा देतात. कार्यकर्त्यांनी आधी तो मागून वाचावा. त्यात वीज, तार, यंत्र आणि दुरुस्ती ही चार कलमे रकमेसह लिहून घ्यावीत, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि वरून उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारावे. ‘निधी नाही’ असे उत्तर आलेच, तर ते लेखी येऊ द्यावे. तोंडी नकाराविरुद्ध लढता येत नाही. लेखी नकाराविरुद्ध येते.