पूरकाळ आणि भ्रमणध्वनीची बॅटरी : टिकाव व आयुर्मान यांतील भेद
(शिरोळ तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

कृष्णा, वारणा, पंचगंगा व दूधगंगा या चार नद्यांचे पाणी शिरोळ तालुक्यास लाभले आहे आणि पावसाळ्यात तेच पाणी तालुक्यास वेढाही घालते. पूर्वी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाला की नदीकाठची माणसे सावध होत आणि जनावरे हलवण्याचा विचार सुरू होई. आज तीच सावधगिरी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उतरली आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की ४३ फुटांच्या धोका पातळीवर, कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून किती, या आकड्यांची देवाणघेवाण घरोघरी रात्रभर चालते.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तालुक्यातील अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला. वीज उपकेंद्रांत पाणी शिरल्याने, तसेच सुरक्षिततेच्या कारणास्तव, मोठ्या भागातील वीजपुरवठा बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये त्याच अनुभवाची पुनरावृत्ती झाली. अशा वेळी घराच्या माळ्यावर बसलेल्या कुटुंबाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध त्या भ्रमणध्वनीत किती टक्के चार्ज शिल्लक आहे यावर अवलंबून राहतो. म्हणून बॅटरी अधिक काळ कशी टिकवावी हा वरकरणी किरकोळ वाटणारा विषय या तालुक्यापुरता तरी किरकोळ नाही.

या विषयावर सल्ल्यांची वाण कधीच नसते. तथापि त्यांतील बहुतेक सल्ले दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतात. एक प्रश्न असा की, आज भरलेली बॅटरी किती तास पुरेल? त्यास येथे 'टिकाव' म्हटले आहे. दुसरा प्रश्न असा की, ही बॅटरी किती वर्षे कार्यक्षम राहील? त्यास 'आयुर्मान' म्हटले आहे. हे दोन हेतू नेहमी एका दिशेने जात नाहीत. आयुर्मानासाठी जे हितावह, ते पुराच्या आदल्या रात्री घातक ठरू शकते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बॅटरीची अंतर्रचना

आजच्या भ्रमणध्वनीत लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ती व्यापारी स्वरूपात १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. ही घोषणा ऑक्टोबरमध्ये झाली, म्हणजे आपल्याकडील महापूर ओसरून जेमतेम दोन महिने झाले होते. हा केवळ योगायोग खरा, परंतु वर्गात हा घटक शिकवताना तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

या बॅटरीचा ऋण ध्रुव ग्रॅफाइटचा असतो व धन ध्रुव लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचा असतो. दोहोंमध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेला सेंद्रिय द्रव असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन धन ध्रुव सोडून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापर करताना ते परत फिरतात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या परिपथातून वाहतात. वहीच्या पानांत कागदाच्या चिठ्ठ्या सरकवाव्यात आणि काढाव्यात, तसा हा व्यवहार आहे. पाने शाबूत राहिली तर तो शेकडो वेळा करता येतो.

पाने मात्र पूर्ण शाबूत राहत नाहीत. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर त्या द्रवाच्या विघटनातून एक पातळ थर जमतो. हा थर आवश्यकच आहे, कारण तो पुढील विघटनास आवर घालतो. परंतु तो सावकाश जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामी येत नाही. दुसऱ्या बाजूस, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, म्हणजे विभवांतर ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असताना, धन ध्रुवाजवळ द्रवाचे ऑक्सिडीकरण वेग घेते. या दोन्ही क्रियांना उष्णतेची जोड मिळाली की त्यांचा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले असता रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आपल्या परिचयाचा ढोबळ नियम येथेही लागू पडतो.

आयुर्मानाचा विचार

यावरून रोजच्या वापराची दिशा आपोआप ठरते. बॅटरी सतत १०० टक्के ठेवू नये, वारंवार शून्यावर नेऊ नये आणि तापू देऊ नये. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानचा वापर तिला सर्वाधिक मानवतो. चार्जिंगचे एक 'चक्र' म्हणजे एकूण १०० टक्के वापर होय. आज ५० व उद्या ५० टक्के वापर मिळून एकच चक्र होते. त्यामुळे स्टाफरूममधील एकुलत्या प्लगवर मधल्या सुट्टीत वीस मिनिटे चार्जिंग करणाऱ्या सहकाऱ्यास 'सारखे लावू नका, बॅटरी खराब होईल' असे बजावण्यात अर्थ नाही. उलट तेच योग्य आहे.

'बॅटरी पूर्ण संपल्यावरच लावावी' आणि 'नवा फोन प्रथम आठ तास लावून ठेवावा' हे दोन समज निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहेत. त्या बॅटरीत अर्धवट वापराची जणू सवय लागत असे व उपलब्ध क्षमता घटत असे. लिथियम-आयन बॅटरीस तो दोष नाही. बॅटरीचे रसायन बदलून तीन दशके झाली, पण सल्ला मात्र तोच राहिला.

टक्केवारीपेक्षा उष्णता अधिक हानी करते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत उसाच्या बांधावर उन्हात ठेवलेला, बंद मोटारीच्या काचेखाली राहिलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन एका दुपारी जे नुकसान करून घेतो, ते आठवडाभर १०० टक्के ठेवूनही होणार नाही. चार्जिंग करताना जाड कव्हर काढावे. फोन हातास गरम लागल्यास खेळ किंवा चित्रफीत बंद करावी.

उत्पादकांवरही आता काही बंधने आली आहेत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी असा नियम लागू केला. अनेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोयही आलेली आहे. ती सोय एरवी सुरू ठेवावी.

पुराच्या आदल्या रात्री

येथे मात्र नियम उलटतात. पाणी वाढत असल्याची वार्ता येताच ८० टक्क्यांची ती मर्यादा प्रथम काढून टाकावी आणि घरातील प्रत्येक फोन १०० टक्के भरावा. चार दिवस पूर्ण भरलेली राहिल्याने बॅटरीच्या आयुर्मानात होणारी घट नगण्य असते. वीस टक्के कमी भरलेला फोन घेऊन माळ्यावर चढणे मात्र नगण्य नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा मुद्दा मनोऱ्यांचा आहे. वीज गेल्यावर मनोरे काही काळ स्वतःच्या बॅटरीवर व डिझेल जनित्रावर चालतात. पाण्यामुळे डिझेल पोहोचले नाही की एकेक मनोरा बंद पडतो. मग फोन दूरच्या मनोऱ्याशी संपर्क साधू पाहतो व त्यासाठी अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. जुन्या २जी पद्धतीत ९०० मेगाहर्ट्झवर फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती २ वॉट असते, तर मनोरा जवळ असता तीच काही सहस्रांश वॉटपर्यंत उतरते. ४जी पद्धतीत कमाल मर्यादा सुमारे ०.२ वॉट असली तरी तत्त्व तेच आहे. हाक मारणारा दूर गेला की आवाज चढवावा लागतो. संपर्क पूर्ण तुटल्यास फोन पुन्हापुन्हा शोध घेत राहतो आणि खिशात पडल्यापडल्या बॅटरी उतरते. पूरग्रस्त भागात 'फोन वापरलाच नाही, तरी संपला' अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक मोठे कारण हेच आहे.

यावर उपाय म्हणजे विमान-अवस्था. तिच्यात प्रक्षेपण व शोध दोन्ही थांबतात. नातेवाइकांशी वेळा ठरवून घ्याव्यात, उदाहरणार्थ सकाळी ८, दुपारी १ व सायंकाळी ७, आणि तेवढ्यापुरता दहा मिनिटे संपर्क खुला करावा. बोलण्याऐवजी साधा लघुसंदेश पाठवावा. तो क्षणभराच्या प्रक्षेपणात जातो आणि क्षीण जाळ्यातही पोहोचण्याची शक्यता अधिक असते. फोन शक्यतो खिडकीशी किंवा गच्चीवर नेऊनच सुरू करावा.

येथे एक रास्त आक्षेप येईल. बचाव पथकाने फोन केला आणि तो विमान-अवस्थेत असला तर काय? याचे उत्तर घरातील फोनच्या संख्येत आहे. घरात चार फोन असल्यास चारही सुरू ठेवणे ही मोठी चूक होय, कारण ते चौघे एकाच वेळी तोच शोध घेत एकदमच संपतात. एकच फोन सुरू ठेवावा, त्याचा क्रमांक सर्वांना कळवावा आणि उरलेले तीन पूर्ण बंद करावेत. बंद फोनची बॅटरी महिनाभरात जेमतेम काही टक्के उतरते. म्हणजे हे तीन फोन म्हणजे तीन भरलेल्या बॅटऱ्याच आहेत. पहिला संपत आला की दुसऱ्याचा क्रमांक कळवून तो सुरू करावा. यास कोणताही खर्च नाही, फक्त घरातल्या तरुण मंडळींचे मन वळवावे लागते.

पडद्याची प्रखरता किमान ठेवावी. ओएलईडी पडद्यावर काळी पार्श्वभूमी ठेवल्यास बचत होते, कारण तेथे काळा बिंदू म्हणजे विझलेला बिंदू होय. साध्या एलसीडी पडद्यामागील दिवा मात्र रंग कोणताही असला तरी जळतच राहतो. स्थाननिश्चिती, ब्लूटूथ आणि आपोआप होणारी अद्ययावतीकरणे बंद ठेवावीत. भ्रमणध्वनीचा टॉर्च म्हणून वापर ही तर चैनच आहे. त्याकरिता वेगळी विजेरी घ्यावी. २००५ च्या महापुरात अनेकांच्या हाती असलेल्या नोकिया ११०० ला विजेरीही होती आणि एका चार्जवर कित्येक दिवसांचा टिकावही होता. तो काळ वेगळा होता.

पर्यायी ऊर्जास्रोत

५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा साठते. १०,००० च्या पॉवर बँकेत आतील घटाच्या ३.७ व्होल्टप्रमाणे ३७ वॉट-तास असतात. परंतु ५ व्होल्टपर्यंत विभव चढवताना व फोनमध्ये पुन्हा उतरवताना त्यातील सुमारे तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. म्हणून ती फोन दोनदा भरत नाही, सव्वा वेळा भरते. दुकानदाराने फसवले असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या तालुक्यात याहून मोठा साठा दारात उभा असतो, तो ट्रॅक्टरचा. १२ व्होल्ट, ८० अँपिअर-तासांची बॅटरी घेतल्यास तीत सुमारे ९६० वॉट-तास असतात. इंजिन सुरू होण्यापुरती शक्ती राखून केवळ चौथा हिस्सा वापरला तरी नऊ-दहा फोन पूर्ण भरतात. त्यासाठी मोटारीत वापरला जाणारा १२ व्होल्टचा चार्जर पुरतो. तो आधी घेऊन ठेवलेला असावा आणि ट्रॅक्टर उंचावर नेलेला असावा, इतकेच.

पाणी ओसरल्यानंतर

भिजलेला फोन चार्जिंगला लावू नये. पाण्यातील क्षारांमुळे जोडणीच्या ठिकाणी विद्युत्प्रवाह भलत्या मार्गाने वाहतो व धातू गंजतो. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी निरुपयोगी आहे. तांदळाचा भुसा व कण छिद्रांत जाऊन नवाच उपद्रव होतो. जोडणीचे तोंड खाली करून वाऱ्यावर ठेवणे बरे. गढूळ पाण्यात पूर्ण बुडालेला फोन मात्र कोरडा दिसू लागला तरी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

ज्या फोनची पाठ फुगलेली दिसेल, त्याच्या बॅटरीत विघटनाने वायू साठलेला असतो. ती दाबू नये, टोचू नये, चुलीत वा कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तोवर ती जळाऊ वस्तूंपासून दूर, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवावी. जे तीन फोन बंद ठेवले होते ते वापरावयाचे नसल्यास निम्मे भरून ठेवावेत, कारण शून्यावर उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच पडून राहिल्यास पुन्हा चार्ज घेत नाही. आणि वापरातल्या फोनवरील ८० टक्क्यांची मर्यादा पुन्हा सुरू करावी.