परदेशी पाहुणा वऱ्हाडात येतो तेव्हा

लेकाचा परदेशी मित्र घरी मुक्कामाला येणार असेल, तर पुरणपोळीच्या आधी एक काम उरका. परदेशी नागरिक आल्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. हा नियम फक्त हॉटेलांचा, असं अनेकांना वाटतं. तो घरच्या यजमानालाही लागू आहे.

तिकिटाचा घोळ नेहमीचाच. अमरावतीचं स्टेशन फाट्यावरचं, त्यामुळे मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या दहाएक किलोमीटरवरच्या बडनेऱ्याला थांबतात. पाहुण्याला ते नाव आधीच लिहून द्या. अकोला मात्र थेट मुख्य मार्गावर आहे.

यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बाहेर काढणं म्हणजे पाहुण्याशी वैरच. नाइलाज असेल तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा (कांद्यावर माझा विश्वास कमी, पण आजीचा होता) आणि भरपूर पाणी.

चिखलदऱ्याला नेताना रोख पैसे जवळ ठेवा. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पात पहिल्या नऊ जंगलांत असलेल्या तिथल्या मेळघाटात फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, मग मोबाइलवरून पैसे देणार कसे?

जेवणाचं म्हणाल, तर ‘सांबार’ या शब्दाला जपा. आपल्याकडे ती कोथिंबीर. पुस्तकातून भारत शिकून आलेला माणूस सांबारवडीच्या ताटात इडली शोधत बसतो. आणि झणझणीत तर्री पहिल्या दिवशी वेगळ्या वाटीत द्या.