बालकांतील टिक-विकार : उतार कशाचा?

वारंवार डोळे मिचकावणे, मान झटकणे, खाकरणे या लक्षणांचा आरंभ बहुधा वयाच्या ४ ते ६ वर्षांत होतो. १० ते १२ वर्षांत ती तीव्रतम होतात व पुढे बहुतेकांत ओसरतात. बालकास आधी अस्वस्थ संवेदना होते, हालचाल क्षणभर रोखता येते व शुद्ध हरपत नाही. अपस्माराशी भेद येथेच स्पष्ट होतो.

वैद्यवर्ग यास वातप्रकोप मानतो. परंतु हा विकार स्वभावतःच कमी-अधिक होत राहतो. लक्षणे शिगेला पोहोचली की पालक येतात. त्यानंतरचा उतार औषधाचाच गुण मानणे घाईचे ठरते. म्हणून केवळ अशा अनुभवावरून बालकास दीर्घकाळ रसकल्प देऊ नयेत, असे आम्हांस वाटते. औषधविक्रेत्यांनीही वैद्यांच्या चिठ्ठीविना ते देऊ नयेत.

क्लोनिडीन चालू असल्यास ते अकस्मात थांबवू नये. रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. शुद्ध हरपणे वा चालण्यात बदल दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. सौम्य लक्षणांत बहुधा पालकांना धीर देणे पुरते. त्रासदायक लक्षणांत सवय पालटणारे वर्तनोपचार प्रथम योजावेत. बालकास रागावू नये, हे पालकांस आवर्जून सांगावे. हालचाल तो हट्टाने करीत नसतो.