मोठी काचेची टाकी नेमकी कुठे फुटते?

फिश टँक मोठा करायचं ठरलं की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘काच किती एमएमची?’ दुकानदार आकडा सांगतो, गिऱ्हाईक त्यात दोन एमएम वाढवायला सांगतं आणि सुरक्षिततेचा विषय तिथेच मिटतो. सहा-आठ फुटी टाक्यांची हौस आता हॉटेलं, दवाखाने आणि बंगल्यांच्या दिवाणखान्यांपर्यंत पोचली आहे, तेव्हा हा समज तपासून घ्यायला हवा. सातारा-सांगलीच्या पट्ट्याला काच आणि पाणी या दोन्हींची जुनी ओळख आहे. कराडजवळ ओगलेवाडीत १९१६ साली उभ्या राहिलेल्या ओगले ग्लास वर्क्सचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला, आणि पाटण तालुक्यात कोयनेचं धरण गेली साठ वर्षं पाणी अडवून उभं आहे. या दोन्हींच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष एकच आहे. जाडी लागतेच, पण टाकी फुटायची ती ताण जिथे एकवटतो तिथून फुटते. म्हणून पैसा आणि काळजी आधी तिथे खर्च व्हायला हवी.

सुरुवात पाण्यापासून करू. भिंतीवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, मागे पाणी किती पसरलं आहे यावर नाही. कोयनेचा शिवसागर जलाशय मैलोगणती पसरलेला आहे, पण धरणाच्या भिंतीला झुंजावं लागतं ते तिच्यालगतच्या उंचीशी. सहा फूट लांब आणि दोन फूट पाणी असलेल्या टाकीच्या पुढच्या काचेवर सुमारे ३४० किलोचा रेटा येतो. त्याच लांबीत पाणी चार फूट केलं की तो दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे जवळपास १३६० किलो. टाकीची रुंदी दोन फूट असो की पाच, या आकड्यात फरक पडत नाही. काचेला आलेला बाक यापेक्षाही कठोर हिशेब मांडतो. टाकी सर्व बाजूंनी दुप्पट केली आणि काच तीच ठेवली, तर काचेतला ताण आठपट होतो आणि तो पूर्वीइतका आणायला जाडी पावणेतीनपटीहून जास्त लागते. ‘लहान टाकीला दहा एमएम पुरते, मग मोठीला बारा लावू’ हा अंदाज इथे कोसळतो.

पण जाडी हिशेबाने बसवली तरी काम संपत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंपाचा मोठा धक्का बसला. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणावर पाण्याचा सर्वांत मोठा दाब तळाशी असतो, आणि भिंतही तिथेच सर्वांत जाड आहे. ठळक तडे मात्र गेले वर, पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. धरणाला नंतर मागून टेकू देऊन बळकटी आणावी लागली. आकार जिथे अचानक बदलतो तिथे ताण साचतो, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसलं असेल. काचेत हेच सूक्ष्म पातळीवर घडतं. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिलं की काच तिच्या रेणूंच्या ताकदीच्या मानाने फार लवकर तुटते, कारण पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. लोखंड अशा जागी थोडं वाकून ताण वाटून घेतं, काचेला ती सोय नाही. त्यामुळे कडेला उडालेला टवका किंवा न घासलेली धार ही दोन एमएम कमी जाडीपेक्षाही घातक ठरू शकते.

बैठकीचंही तसंच. स्टँड कणभर पिळलेला असेल किंवा तळाखाली वाळूचा एक खडा राहिला असेल, तर शेकडो किलोंचा भार एका बिंदूवर येतो. पाणसळीने सपाटी पाहणं आणि तळकाचेखाली थर्माकोल किंवा फोम घालणं या स्वस्त गोष्टी म्हणूनच महागड्या काचेइतक्या मोलाच्या आहेत. घराच्या खोलीचा स्लॅब सरासरी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखतात, तर दोन फूट पाणी एकटंच त्या जागेवर ६०० किलो भरतं. मोठी टाकी तुळईवर किंवा भिंतीलगत यावी, आणि वरच्या मजल्यावर असेल तर आधी अभियंत्याला दाखवावी. सांध्यातलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, त्यामुळे जाड सांध्याला दिवसांची, कधी आठवड्यांची मुदत लागते. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, म्हणून गळक्या जागी वरून बोट फिरवणं ही दुरुस्ती नव्हे. बुरशीरोधक औषध घातलेलं न्हाणीघराचं सिलिकॉन तर माशांच्या जिवावर उठतं.

यावर म्हटलं जाईल की टफन काच लावली की प्रश्न मिटला. ती साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते हे खरं. पण तुटते तेव्हा ती एका क्षणात चुरा होते आणि सगळं पाणी एकदम बाहेर येतं, शिवाय कधीकधी आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे ती बाहेरचं निमित्त नसतानाही फुटते. साधी काच बहुधा आधी तडकते, गळते, सावध व्हायला वेळ देते. दोन काचा मधल्या पडद्याने जोडलेली लॅमिनेटेड काच त्याहून भरवशाची. मग ॲक्रिलिक? फार मोठ्या मत्स्यालयांत तेच वापरतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली झालेला बोगदाही ॲक्रिलिकचाच. तरीही बर्लिनच्या हॉटेलातला दहा लाख लिटरचा ‘अ‍ॅक्वाडोम’ १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलाच, सुमारे दीड हजार मासे वाहून गेले. पहाटेची वेळ होती म्हणून दोघांच्या किरकोळ जखमांवर निभावलं. तज्ज्ञांना निश्चित कारण सांगता आलं नाही. निसटलेला चिकट-सांधा, तळाजवळची खोच आणि दुरुस्तीच्या काळात कोरडी राहिलेली टाकी अशा शक्यता त्यांनी मांडल्या. या तिन्हींवर नुसती जाडी वाढवणं हा उतारा नाही.

‘आमची टाकी अंदाजाने बांधलेली, दहा वर्षं चालली’ हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. पण सततच्या ताणाखाली ओलावा काचेच्या चिरांची टोकं हळूहळू पुढे सरकवत असतो, त्यामुळे काच वर्षानुवर्षं टिकते आणि मग कसला धक्का नसताना जाते. म्हणूनच ३.८ सारखा सुरक्षिततेचा गुणक धरतात, म्हणजे काचेवर तिच्या गृहीत ताकदीच्या जेमतेम पाव हिश्शाइतकाच ताण येऊ देतात. ही उधळपट्टी नव्हे, काळाची केलेली तरतूद आहे. कोयना परिसरात तर जमीन अधूनमधून हादरतेच. उंच, अरुंद टाकी तिथे कलंडण्याची भीती जास्त, पाणीही हेलकावे खातं. काठाखाली चार बोटं मोकळी जागा आणि भिंतीला जखडलेला स्टँड हवाच.

या सगळ्याचा खर्च परवडणार का? परवडतो, कारण सर्वांत मोठी बचत उंची कमी ठेवण्यातच आहे. तेवढंच पाणी लांब-रुंद आणि बुटक्या टाकीत ठेवलं तर काच पातळ लागते, सांध्यांवरचा ताण घटतो आणि बैठकीवरचा भार जास्त जागेवर पसरतो. माशांना पोहायला लांबी मिळते, पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने प्राणवायूही अधिक मिसळतो. तेव्हा ऑर्डर देताना पहिला प्रश्न उंचीचा असावा, दुसरा बैठकीचा, तिसरा सांधा सुकवण्याच्या मुदतीचा. टाकी टप्प्याटप्प्याने भरून, मासे न सोडता काही दिवस भरलेली ठेवून दाखवायला बांधणारा तयार आहे का, हा चौथा. या चारांची उत्तरं पटली की एमएमचा आकडा हिशेबाने आपोआप ठरतो.