नखांवरील निळाई

वाईच्या परिसरांत हळदीचें पीक होतें. हळदीनें पिवळीं झालेलीं बोटें आणि सणासुदीला मेंदीनें लाल झालेलीं नखें तेथील घरांत नवीं नाहींत. त्याच नखांवर गडद निळा, चमचमणारा रंग दिसला म्हणजे मात्र वडीलधाऱ्यांस नवल वाटतें, क्वचित् रागही येतो. घरोघर ज्याला नेलपॉलिश म्हणतात, तोच हा नखरंग. त्याच्या बाटलींत काय असतें हें कळलें, म्हणजे नवल ओसरतें आणि सावधगिरी कोठें बाळगावी तेंही उमगतें.

मेंदींतील लॉसोन नांवाचें द्रव्य नखाच्या केराटिनशीं संयोग पावतें. म्हणून नख वाढून कापलें जाईपर्यंत तो रंग टिकतो. नखरंग हा मात्र नखावर बसलेला पातळ पापुद्रा होय. त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. १८४६ सालीं शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें कापसापासून जें स्फोटक केलें, त्याच्याच कुळांतील हें द्रव्य. १९२० नंतरच्या दशकांत मोटारींच्या रोगणांत त्याचा प्रसार झाला, आणि त्याच धर्तीचें रोगण नखांसाठींही निघालें. एथिल ॲसिटेटसारख्या द्रावकांत तें विरघळविलेलें असतें. द्रावक उडून गेला कीं पापुद्रा मागें राहतो.

गडद निळाईसाठीं पुष्कळदां ‘प्रशियन निळा’ हें लोहयुक्त रंगद्रव्य घालतात. चमक येते ती बहुधा अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पत्र्यांमुळें. त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. कांहीं रंग उठून दिसतात, कांहीं लोपतात. पावसांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग खेळतात, ते याच कारणानें.

हे कण तळाशीं बसतात. म्हणून बाटली प्रथम दोन्ही तळहातांत फिरवावी. जोरानें हलविल्यास बुडबुडे होतात. नवा रंग आधीं एकाच नखावर लावून पाहावा. खालीं रंगहीन थर द्यावा, नाहींतर निळ्याचा डाग नखांत उतरतो. पहिला थर विरळ दिसला तरी निराश होऊं नये. तो वाळल्यावर दुसरा पातळ थर दिला कीं खरी छटा येते. सावलींत ती जवळजवळ काळी भासते, आणि उन्हांत बोट हललें कीं निळी लहर उमटते. कातडीला खाज सुटल्यास रंग तत्काळ काढावा. रंग आणि तो काढण्याचें ॲसिटोन, दोन्ही ज्वालाग्राही आहेत. देवापुढील समई व स्वयंपाकाची शेगडी यांपासून तीं दूर ठेवावीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नख ही वैद्याची खिडकी आहे. रक्तांत प्राणवायू कमी पडला कीं नखें निळसर होतात; निळ्या रंगाखालीं ती खूण दिसतच नाहीं. २०२० च्या करोना साथींत अनेक घरांत आलेलें पल्स ऑक्सिमीटर बोटांतून तांबडा व अवरक्त प्रकाश पाठवून मोजणी करतें. निळा रंग तांबडा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळें आंकडा चुकण्याचा, बहुधा खऱ्याहून कमी दिसण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा धाप लागली असतां नखें आधीं स्वच्छ करावीं. घरच्या मुलीनें सणाला हौसेनें नखें निळीं करावीं. मात्र तीं पुसण्याचें साहित्य कोठें ठेवलें आहे, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें.